वन्संचं सासर

गुरुवार, ९ मार्च. सकाळपासून ढगाळ. दूध उशिरा आलं. वन्संचे मासे मेले, एकूण एक. त्यांचा आजचा प्रवास रद्द. घड्याळजी स्टेशनावरून परत येऊन दारात उभे राहिले, वन्संनी त्यांना वर बोलावलं नाही. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, गेले नाही. बटाटे उकडले, वन्संनी खाल्ले नाहीत.

वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण वन्संबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि त्यांना स्वतःला विचारलं तर "मी काय, मी आहेच," यापलीकडे त्या जात नाहीत.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. लग्न झालेलं नाही. मी खाली राहते, त्या वर. जिना घरातूनच आहे, त्यामुळे त्यांच्या पावलांवरून मला त्यांचा दिवस कळतो. त्या सकाळी त्या एकेका पायरीवर थांबत उतरल्या. अंगात प्रवासाचे कपडे, खांद्याला पिशवी, पायात ठेवणीतले बूट. मला वाटलं, निघाल्याच. मी म्हटलं, "दूध आलेलं नाही, कोराच चहा करते, घोटभर घेऊन जा."

"वहिनी," त्या म्हणाल्या, "जरा वर येता?"

वरच्या खोलीत मी क्वचितच जाते. एक तर गुडघे, दुसरं म्हणजे तिथली हवा. भिंतीला लागून दोन्हीकडे लोखंडी घडवंच्या, त्यांवर काचेच्या टाक्या, प्रत्येक टाकीत एक नळी, आणि खाली हवेचा पंप दिवसरात्र गुरगुरत असतो. थंडी बाधू नये म्हणून खिडक्या कायम बंद. भिंतीचा रंग दमटपणानं पापुद्रे धरून सुटलेला. वन्संची कॉट मधल्या बोळात, कुशीवर वळलं की तोंड माशांकडेच.

पंप चालूच होता. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं आणि सगळे मासे वर तरंगत होते, पांढरी पोटं वर करून. बारीक बारीक पिल्लं तर काचेला चिकटल्यासारखी दिसत होती.

"काल मी सगळ्या टाक्यांचं पाणी बदललं," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यांचं. एकाच दिवशी."

मला त्यातलं फारसं कळत नाही. मी विचारलं, "पाण्यातच काही होतं का?"

त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपावरचं झाकण काढलं. "वास घ्या."

पोहण्याच्या तलावाला येतो तसा वास नाकात गेला. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरचा मोठा नळ फुटला होता. दुरुस्ती झाल्यावर पाणीखात्यानं नळ साफ करायला औषध जास्त सोडलं असणार. आम्हा माणसांना त्यानं काही होत नाही, चहाला जरा चव येते एवढंच. माशांचं तसं नसतं.

एरवी हे घडलंच नसतं. या घरात पाण्याचा एक शिरस्ता होता, माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला. नळाचं पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे औषध उडून जातं. आणि एका दिवशी एकाच टाकीचं पाणी बदलायचं. काही चुकलं तर एक टाकी जाईल, बाकीच्या राहतील. वन्संनी हा शिरस्ता आयुष्यभर पाळला. आजारी असतानाही पाळला. पण त्या गुरुवारी त्या तीन दिवसांसाठी गावाला निघाल्या होत्या. मी या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदाच घराबाहेर रात्र काढणार होत्या. मागे सगळं लख्ख करून जावं, मी वर जाऊन नुसतं चिमूटभर खाणं टाकलं तरी पुरावं, अशा विचारानं त्यांनी घाई केली. पिंपातलं पाणी एकच रात्र ठेवलेलं होतं.

"मी जायला निघाले म्हणून," त्या म्हणाल्या.

"असं काही नसतं, वन्सं. पाण्याला काय माहीत तुम्ही निघालात ते?"

"मला माहीत होतं ना."

मी जाळी घेतली, त्यांनी परडी धरली, आणि आम्ही दोघींनी मासे काढले.

दिसायला हे मासे अगदी साधे. बोटाच्या दोन पेरांएवढे, शेवाळी रंगाचे, अंगावर काळसर आडवे पट्टे. नराच्या शेपटीला पिवळी कड, मादीचं पोट टपोरं. रंगीत माशांच्या दुकानात कोणी फुकट घेणार नाही. पण मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, त्यांच्यावर जीव होता. तरुणपणी ते बोटीवर कारकून होते. एकदा बोटीचं इंजिन बिघडलं आणि त्यांना कितीतरी आठवडे एका दूरच्या बेटावर अडकून राहावं लागलं. तिथे एका झऱ्याच्या डबक्यात बायका भांडी घासत आणि हे मासे त्यांच्या बोटांना लुचत. मामंजींनी आपली हॅट देऊन एक दुधाचा डबा घेतला आणि त्यात मासे भरून आणले. या माशांचं अख्खं कुळच त्या एका बेटाचं, दुसऱ्या कुठल्या नदीनाल्यात ते आपण होऊन आढळत नाहीत, असं ते आल्यागेल्याला सांगत. कुळात जाती पुष्कळ, कोणी नदीतली, कोणी तळ्यातली. आपली जात त्या एका डबक्यातली. पुढे तो झरा कुठल्याशा कारखान्यानं नळात घेतला आणि डबकं आटलं.

म्हणजे आता जे काही मासे होते ते हौशी लोकांच्या टाक्यांतच. मामंजींनी ओळखीपाळखीच्या हौशी मंडळींना जोड्या वाटल्या होत्या. विकायचे नाहीत, द्यायचे, आणि एका घरावर विसंबायचं नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. पण एकेक घर गळत गेलं. कोणी वारलं, कोणाच्या नातवंडांनी टाकीत झाडं लावली, कोणाकडे माशांना रोग पडला. शेवटी विचारपूस करणारी पत्रं सगळ्यांकडून वन्संकडेच येऊ लागली, तेव्हा त्या समजल्या की आता आपलंच घर उरलं.

हे मासे अंडी घालत नाहीत, सरळ पिल्लं देतात. पिल्लू जन्मलं की त्यानं पहिल्या झटक्याला आईपासून लांब पळायचं, कारण आईला तेव्हा भूक लागलेली असते. आमचे हे यावर म्हणायचे, "आमच्याकडे उलट झालं. बाबांनी पिल्लाला पळूच दिलं नाही." ते हसत म्हणायचे, पण वन्संसमोर कधी म्हणाले नाहीत.

मामंजींनी मरताना वन्संकडून वचनबिचन काही घेतलं नाही. तसं केलं असतं तर बरं, निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं. ते नुसते अंथरुणाला खिळले आणि एके दिवशी जाळी वन्संच्या हाती देऊन म्हणाले, "आज तू बघ." तो आज काही संपला नाही.

वन्संना दुसऱ्या शहरात नोकरी मिळत होती, गेल्या नाहीत. एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, पण त्याची बदलीची नोकरी. त्याच्या आईनं विचारलं, "हिला काय आवडतं?" तर वन्संनी खरं खरं सांगितलं. बाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मासे? इतके?" ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत. माझ्या मुलाच्या लग्नाला त्या सकाळच्या गाडीनं आल्या आणि जेवण होताच निघाल्या. कुठल्याही समारंभात वन्सं शोधायच्या तर दाराजवळच्या खुर्चीवर शोधायच्या. मांडीवरची पर्स त्या खाली ठेवत नसत.

नोकरी केली ती चष्म्याच्या दुकानात, दोन गल्ल्या पलीकडे. भिंगं घासून फ्रेमीत बसवायचं काम. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन माशांना खाणं घालता येई, म्हणून ते दुकान. त्या दुकानाच्या भिंतीला लागून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. त्यांना सगळी गल्ली घड्याळजीच म्हणते. जाडजूड माणूस, विधुर, बोटं मात्र बाईच्या बोटांसारखी नाजूक. भिंतीला एक झरोका होता, तिथून वन्सं त्यांना बारीक स्क्रू द्यायच्या आणि ते यांना बारीक चिमटे. कितीतरी वर्षं त्यांचं बोलणं त्या झरोक्यातूनच चाललं.

"आज संध्याकाळी बागेत बँड आहे," घड्याळजी म्हणायचे.

"आज खालच्या टाकीची पाळी आहे."

"उद्या?"

"उद्या तिच्या शेजारणीची."

"तुमचं लग्न झालं नाही असं कोण म्हणतं हो?" घड्याळजी म्हणायचे. "एवढं मोठं सासर सांभाळता. सासू, सासरे, दीर, जावा, सगळे पाण्यात."

वन्सं हा विनोद घरी येऊन मला सांगायच्या आणि सांगताना एकट्याच हसायच्या. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

गेल्या वर्षी घड्याळजींच्या नजरेनं दगा दिला. दुकान विकून मुलीकडे जायचं त्यांनी ठरवलं. मुलीचं गाव डोंगरात, गाडीनं दिवसभराचा रस्ता. मुलीच्या घराशेजारचं छोटं घर रिकामं होतं. त्यांनी झरोक्यातून नाही, पुढच्या दारानं चष्म्याच्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकं असताना, वन्संना विचारलं, "येता का माझ्याबरोबर? लग्न करून या, न करता या, तुम्ही म्हणाल तसं."

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाला म्हटलं, नाकावर घट्ट होतोय का बघा."

पण त्या दिवसापासून त्या बदलल्या. संध्याकाळी बाहेर पडू लागल्या. दोघं नदीकाठानं चालून येत. वर टाक्यांचं काम उरकायची घाई दिसू लागली. आणि मार्चमध्ये, एकदा ते घर तरी बघून यावं, असं ठरलं. ते बघायलाच त्या निघाल्या होत्या.

मासे गेल्यावर दोन दिवस वन्सं खाली उतरल्या नाहीत. मी जेवण वर नेई, परत आणी. तिसऱ्या दिवशी वर खडखड ऐकू आली. जाऊन बघते तर त्यांनी खिडक्या उघडल्या होत्या. लाकूड फुगून चौकटीत रुतलं होतं, ते त्यांनी हातोडीनं ठोकून मोकळं केलं होतं. पंप बंद. इतकी वर्षं ती गुरगुर माझ्या छतात होती, ती थांबल्यावर मला आपल्याच घरात परक्यासारखं वाटलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "समोरच्यांच्या गच्चीवर कबुतरखाना आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"मला खालून दिसत नाही."

"मला दिसत होतं, पण मी बघितलं नव्हतं."

मग एक चमत्कारिक आठवडा गेला. वन्सं उशिरापर्यंत झोपल्या. दुपारी घरी न येता दुकानातच डबा खाल्ला. एका संध्याकाळी माझ्यासमोर बसल्या, आणि मी उठून दिवा लावला, जेवण वाढलं, भांडी आवरली तरी त्या बसलेल्याच. मी म्हटलं, "वन्सं, उशीर झाला नाही?" तर म्हणाल्या, "कशाला?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्यांना हसू आलं. रडूही त्यातच होतं, पण हसू जास्त होतं.

घड्याळजी आले तेव्हा या वेळी त्यांना बसवून घेतलं. ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "मला फार वाईट वाटलं. खोटं नाही बोलत."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "महिनाअखेर निघताय ना? मी येते."

"घर बघायला?"

"राहायला."

घड्याळजींनी टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही साक्षीदार बरं का. उद्या म्हणतील मी म्हटलंच नव्हतं."

टाक्या धुऊन वरच्या जिन्यात उपड्या रचल्या गेल्या. भंगारवाला शनिवारी येणार होता. वन्संनी दुकानात नोटीस दिली. कपडे दोन ढिगांत मांडले, न्यायचे आणि द्यायचे, आणि द्यायच्या ढिगातले पुन्हा पुन्हा न्यायच्या ढिगात घातले.

आता माझ्या बरणीचं सांगायला हवं. आमचे हे गेले तेव्हा वन्संनी मला सोबतीला म्हणून दोन मासे दिले होते. मोठी काचेची बरणी, तळाशी वाळू, वर पाणवनस्पती. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती, चुलीजवळ ऊब असते म्हणून. "दोन्ही माद्या आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "पिल्लावळ नको तुमच्या मागे. दोघी बहिणी गप्पा मारत बसतील." मी त्यांना थोरल्या जाऊबाई आणि धाकट्या जाऊबाई म्हणत असे. पाण्याच्या औषधाचा त्यांना उपद्रव झाला नाही, कारण मी त्या आठवड्यात पाणी बदललंच नव्हतं. वर सगळे मेले तेव्हा या दोघी उरल्या, हे वन्संना आठवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "दोन माद्यांनी काय होणार? त्यांचं आयुष्य असेल तेवढं त्यांना तुमच्याजवळ राहू द्या." तसं म्हणताना त्यांना दुःख होतं, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

शुक्रवारी सकाळी वन्सं माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. मी सहज बोलले, "धाकट्या जाऊबाईंना काय झालंय बघा जरा. पार वाळल्या. मी तुम्हाला मागे सांगितलं होतं ना, तर तुम्ही म्हणालात खाणं वाढवा. खाणं वाढवलं तर थोरल्याच फुगल्या. आणि धाकटीची शेपूट मला पिवळी पिवळी दिसते. का माझ्या डोळ्यांनाच तसं दिसतंय?"

वन्संचा कप तोंडाशी थांबला. त्या उठल्या, चष्मा बदलला आणि बरणीसमोर वाकल्या.

"वहिनी, ही धाकटी जाऊ नाही."

"मग कोण?"

"भावजी आहेत."

मला हसू आवरेना. इतके महिने मी त्यांना बाई समजून काय काय सांगितलं होतं! मी म्हटलं, "अहो, मग त्यांच्यासमोर मी केस विंचरत होते!"

वन्सं हसल्या नाहीत. "काही नर उशिरा वयात येतात," त्या म्हणाल्या. "तोवर अगदी मादीसारखे दिसतात. बाबा नेहमी सांगायचे, मोठं अंग आहे म्हणून मादी समजू नका, पुन्हा पुन्हा बघत जा. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी बघायला यायला हवं होतं. मी नदीवर फिरायला गेले."

मग त्यांनी बोटानं पाणवनस्पती हळूच बाजूला सारली. पानांच्या मुळाशी, काचेच्या अगदी जवळ, काळ्या डोळ्यांचे बारीक ठिपके पाण्यात थरथरत होते. मला ते दिसले नाहीत, वन्संनी सांगितले. माझ्या डोळ्यांना वन्संचा चेहरा तेवढा दिसला. दार आतून लावून घेतल्यासारखा तो चेहरा झाला होता.

मी घाईघाईनं म्हटलं, "मी सांभाळीन. इतके दिवस सांभाळलेच ना?"

"तुम्हाला पिल्लं दिसतात का, वहिनी?"

"ऑपरेशन झालं की दिसतील."

"थोरली त्यांना आजच खाऊन टाकेल. तिला आत्ता वेगळं करायला हवं. पिल्लांना दिवसातून चार वेळा खाणं लागतं. मोठी झाली की नर वेगळे, माद्या वेगळ्या. तुम्ही जिना किती वेळा चढाल?"

"मग कोणाला तरी देऊ."

"कोणाला? सगळ्यांना तर बाबांनी दिले होते."

मग मी जे म्हटलं ते सरळ लिहिते, कारण मला ते तेव्हाही बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही बघितलंच नाही असं समजा. सामान बांधा आणि जा. मासे आपण होऊन जगले तर जगले."

"मी बघितलं," वन्सं म्हणाल्या, आणि फडताळातून माझं रिकामं पातेलं काढलं. थोरलीला त्या पातेल्यात घेतलं.

संध्याकाळी घड्याळजी आले, तिकिटं काढून आले होते. स्वयंपाकघरात आम्ही तिघं, टेबलावर बरणी आणि पातेलं. त्यांना मी सांगितलं, वन्संनी नाही. त्यांनी खिशातून आपलं घड्याळाचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि बरणीत बघितलं.

"वा," ते म्हणाले. "जिवंत आहेत की बेटे." मग भिंग काढून वन्संना म्हणाले, "बरं, मग नेऊ या. अडचण काय आहे? तुमच्या वडिलांनी समुद्रापलीकडून दुधाच्या डब्यात आणले. आपल्याला डोंगरच तर ओलांडायचा आहे. मी मांडीवर धरून बसतो."

माझ्या जिवात जीव आला. इतका साधा उपाय मला सुचला नव्हता.

वन्सं म्हणाल्या, "बाबांनी डबाभर आणले होते. किती मेले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे की बंदरावर उतरलो तेव्हा डबा हलका लागत होता."

"म्हणजे काही तरी उरलेच ना."

"हे हलके व्हायला मुळात आहेत किती? आणि तुमच्याकडचं पाणी डोंगराचं, मऊ. यांना चुनखडीचं जड पाणी लागतं. तिथे मला पाणी तयार करायला शिकावं लागेल. शिकताना चुकेल. मी नुकतीच चुकले आहे."

"मग पिल्लं मोठी होईपर्यंत थांबू. दोन महिने, तीन महिने. मी तिकिटं बदलतो."

"मोठी झाली की त्यांना पिल्लं होतील."

"होऊ देत! मग त्यातली निम्मी नेऊ." घड्याळजींचा आवाज चढला. "बाई, मला एक सांगा. हे दार मी एकीकडून उघडतो, तर तुम्ही दुसरीकडून लावता. तुम्हाला यायचंय का?"

वन्संनी मान खाली घातली. टेबलावरचं सांडलेलं पाणी त्या बोटानं पुसत होत्या. "यायचंय," त्या म्हणाल्या. "गेला आठवडा मी तुमच्याकडे पोचलेच होते. तिथल्या खिडकीला पडदा कसला लावायचा तेही ठरवलं होतं. पण आता मी आले तर रोज सकाळी उठून आधी डब्यात बघेन, आणि एक जरी वर तरंगताना दिसला तरी तुमच्याकडे बघेन. तुमच्याकडे तसं बघायचं नाहीये मला."

घड्याळजींनी भिंग खिशात ठेवलं.

"एक करा," वन्सं घाईनं म्हणाल्या, जणू काही तरी देऊन त्यांना थांबवायचं होतं. "पिल्लं वाढली की मी तुम्हाला एक जोडी पाठवते. पाणी कसं करायचं ते सांगते. बाबा म्हणायचे, एका घरावर विसंबू नये. तुमचं घर दुसरं होईल."

"मला मासे नको होते हो," घड्याळजी म्हणाले.

रागानं म्हणाले नाहीत. मग उठले, माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, ऑपरेशन पुढे ढकलू नका. मी ढकललं, म्हणून ही वेळ आली." दार त्यांनी हळू ओढून घेतलं.

महिनाअखेरीस ते गेले. वन्सं स्टेशनावर गेल्या होत्या. गाडी हलण्याआधी त्या परत निघाल्या असाव्यात, कारण गाडीच्या वेळेला त्या घरी जिन्यात होत्या. मी विचारलं, "काही म्हणाले का?" तर म्हणाल्या, "खिडकीजवळची जागा मिळाली त्यांना." एवढंच बोलून त्या वर गेल्या. त्यांच्या बुटांचा आवाज पंपापाशी थांबला.

भंगारवाल्याला परत पाठवलेलं होतंच. दुकानातली नोटीसही त्यांनी मागे घेतली. मालक म्हणाला म्हणे, "मला माहीत होतं, तुम्ही कुठं जाताय." हे सांगताना वन्सं हसल्या. मी हसले नाही. मला त्या मालकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

वर खिडक्या परत लागल्या आहेत. या वेळी चौकटीच्या फटीत त्यांनी कापडाच्या पट्ट्याही भरल्या. सध्या एकच टाकी चालू आहे, बाकीच्या उपड्याच आहेत. पण मी ओळखते, एकेक करून त्या सगळ्या सरळ होतील. काल मी वर गेले होते, गुडघ्याला हात लावत. वन्सं टाकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यात बांधून पाण्यात पिळत होत्या. खोलीत तीच जुनी दमट ऊब. मी म्हटलं, "वन्सं, खाली या की जरा, उजेड आहे अजून."

"येते हं," त्या म्हणाल्या. "एवढं झालं की येते."

मी थोडा वेळ थांबले. त्यांचं झालं नाही. मी खाली आले.

माझं ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं. मुलगा म्हणतो, त्यानंतर महिनाभर त्याच्याकडे राहायला ये, जिने नाहीत, हवा चांगली आहे. मी त्याला फोनवर सांगितलं की येणार नाही. तो म्हणाला, "आई, तुला तिथे काय बांधून ठेवलंय?" मी म्हटलं, वर आत्या एकटी असते. तो म्हणाला, "आत्या तर नेहमीच होती." मग मी फोन ठेवला, आणि त्यानंतर वही घेऊन बसले.

आजचं लिहिलं ते असं. धोब्याकडून चादरी आल्या. उशीचा एक अभ्रा आमचा नाही, उद्या परत द्यायचा.